चार बाटल्या आणि मधली दोन वर्षं

१२ ऑक्टोबर २०२४, एडिनबरा

दसरा आहे, म्हणून वर्षभर लांबवलेलं काम आज सुरू करते. निमित्त परवा दुकानात मिळालं. ग्लेनमोरांजी या स्कॉच व्हिस्कीची नेहमीची बाटली, 'ओरिजिनल', इतका काळ १० वर्षं मुरलेली असायची. आता फळीवर तीच १२ वर्षांची दिसते. यंदाच हा बदल झाला. शेजारी त्यांचीच 'क्विंटा रुबान' होती, पोर्ट या पोर्तुगीज गोड वाइनच्या पिंपात शेवट केलेली, १४ वर्षांची. ही रुबान २०१९ पर्यंत १२ वर्षांची असायची.

दोन्ही बाटल्या हातात धरून उभी असताना एकदम चौकोन दिसला. एकाच डिस्टिलरीच्या चार बाटल्या. पहिली १० वर्षं बर्बनच्या, म्हणजे अमेरिकन व्हिस्कीच्या, पिंपात मुरलेली. दुसरी १२ वर्षं, तीही बर्बनच्याच पिंपात. तिसरी म्हणजे जुनी रुबान: १० वर्षं बर्बनच्या पिंपात आणि पुढची २ पोर्टच्या. चौथी नवी रुबान: १० बर्बनच्या, ४ पोर्टच्या. दुसरी आणि तिसरी एकाच वयाच्या, फरक शेवटची दोन वर्षं कुठल्या लाकडात गेली एवढाच.

जास्त मुरली की जास्त चांगली, असं लोक म्हणतात. पोर्टचं पिंप गोडवा देतं, असंही म्हणतात. दोन्ही वाक्यं मला फार दिवस खटकत आली आहेत, कारण वय आणि लाकूड यांची त्यात सरमिसळ होते. लेबलवर छापलेला आकडा एकूण वर्षं सांगतो. ती कुठे गेली हे शोधायला बारीक अक्षर वाचावं लागतं. या चार बाटल्यांमुळे वय एकीकडे आणि लाकूड एकीकडे असं थोडं तरी वेगळं काढता येईल असं वाटतं.

१९ ऑक्टोबर

चव घेण्याआधी नियम नीट लिहून ठेवते, नाहीतर मध्येच वाद होतात.

स्कॉच म्हणवून घ्यायचं तर स्पिरिट, म्हणजे भट्टीतून निघालेली कोरी दारू, स्कॉटलंडमध्येच, ओकच्या पिंपात, किमान ३ वर्षं मुरलं पाहिजे. पिंप ७०० लिटरपेक्षा मोठं चालत नाही. बाटलीत किमान ४० टक्के अल्कोहोल हवं. पाणी आणि साधा कॅरॅमल रंग सोडून काहीही घालायला मनाई. हे सगळं २००९ च्या नियमांत आहे. सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीत, फक्त माल्ट केलेल्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या, सातूपासून, तांब्याच्या पॉट स्टिलमध्ये, म्हणजे हंड्यासारख्या भट्टीत, काढलेली. लेबलवर वय छापलं तर ते बाटलीतल्या सर्वांत तरुण व्हिस्कीचं.

'फिनिश', म्हणजे शेवटी दुसऱ्या पिंपात घालवलेला काळ, मात्र किती असावा याला किमान मर्यादा नाही. सहा महिनेही फिनिश आणि चार वर्षंही फिनिश, शब्द तोच. माझ्या मते गोंधळाचं मूळ इथे आहे. बाल्व्हेनी या दुसऱ्या डिस्टिलरीची २१ वर्षांची पोर्टवूड १९९६ साली आली. तिच्या २१ वर्षांतला अगदी थोडा काळ पोर्टच्या पिंपात जातो. बाल्व्हेनीचे डेव्हिड स्टुअर्ट १९६२ पासून त्या कंपनीत होते. एका पिंपातून दुसऱ्या पिंपात व्हिस्की हलवायची कल्पना त्यांनी १९८० च्या दशकात करून पाहिली आणि १९९३ मध्ये 'डबलवूड' या नावाने ती घरोघर पोचवली. ग्लेनमोरांजी त्याच सुमारास पोर्टकडे वळली. म्हणजे फिनिश ही फार जुनी परंपरा वगैरे नाही. माझ्या वयापेक्षा थोडीशीच मोठी आहे.

पोर्टची पिंपं त्याआधीही स्कॉटलंडमध्ये होतीच. पोर्ट तेव्हा पिंपांतून ब्रिटनच्या बंदरांना यायची आणि इथले व्यापारी ती बाटल्यांत भरायचे. रिकामं पिंप कोण टाकून देणार? त्यात व्हिस्की भरली जायची. १९७० च्या दशकात व्हिंटेज, म्हणजे एकाच वर्षाच्या द्राक्षांची, पोर्ट पोर्तुगालमध्येच बाटलीत भरायची सक्ती झाली. आता पिंप हवं असेल तर मागवून आणावं लागतं.

२६ ऑक्टोबर

जुनी रुबान मिळवणं हेच अवघड काम. एका मित्राने उदारपणे आपली बाटली आणून दिली. आनंदाने ग्लासात ओतली आणि नाक लावताच शंका आली. वास चपटा. कडेला जुन्या वर्तमानपत्रासारखा कोरडेपणा. विचारलं तेव्हा कळलं की बाटली २०२१ मध्ये उघडली होती आणि गेली दोन वर्षं तिच्यात तळाचा पाव भागच उरला होता. तीन भाग हवा, एक भाग व्हिस्की. ती आत्ताच्या ताज्या बाटलीशेजारी ठेवली असती तर मी हवेचा परिणाम मोजला असता आणि नाव पिंपाला दिलं असतं. परत केली.

मग लिलावातून एक सीलबंद बाटली घेतली. ती आली तेव्हा बूच अर्धं तुटून आत राहिलं. बाटली बहुधा आडवी ठेवलेली असणार. तीव्र अल्कोहोल बुचाला खातं, म्हणून व्हिस्की उभीच ठेवायची असते, वाइनच्या बरोबर उलट. चहाच्या गाळणीत कॉफीचा कागद ठेवून सगळी गाळली. वास तपासला. बुचाचा कुबट वास नाही. स्वच्छ, भरदार. हीच धरते.

१० वर्षांची ओरिजिनल दुकानाच्या मागच्या फळीवर एक शिल्लक होती. चारही जमल्या.

एक अडचण आधीच दिसते आहे. ओरिजिनल दोन्ही ४० टक्क्यांच्या, रुबान दोन्ही ४६ च्या. सहा टक्क्यांचा फरक जिभेला लगेच कळतो. रुबान पाणी घालून ४० वर आणावी लागेल: १०० मिलीला १५ मिली पाणी, म्हणजे ११५ मिली, ४० टक्के.

९ नोव्हेंबर, टेन

इन्व्हरनेसला गाडी बदलून टेनला, ग्लेनमोरांजीच्या गावी, आले. डॉर्नॉकच्या खाडीवर ढगांचा पडदा होता आणि वारा असा की शाल दोनदा उडाली.

डिस्टिलरी १८४३ ची. इथली स्टिल्स स्कॉटलंडमध्ये सर्वांत उंच. नुसती मान ५ मीटरहून जास्त, सगळी उंची ८ मीटरच्या आसपास. वर पाहताना मान दुखते. माझ्या चौकोनासाठी ही उंची महत्त्वाची आहे. इतक्या उंच नळीत जड वाफा वर पोचण्याआधीच थंड होऊन परत खाली गळतात. वरून जे बाहेर पडतं ते हलकं, फुला-फळांच्या वासाचं स्पिरिट. असं स्पिरिट कोऱ्या सुती कापडासारखं असतं, ज्या पिंपात घालाल त्याचा रंग धरतं. धुराच्या, जड बांध्याच्या स्पिरिटवर पोर्ट चढली तरी खालचं डोकं वर काढतं. इथे लपायला जागा नाही. लाकूड काय करतं हे पाहायला म्हणूनच ही डिस्टिलरी सोयीची.

गोदाम जुन्या पद्धतीचं: जाड दगडी भिंती, मातीची जमीन, पिंपं एकावर एक तीन थरांत. आत शिरताच आजोळच्या कोठीची आठवण झाली. वेंगुर्ल्याला आजी जिथे लोणच्याच्या बरण्या ठेवायची तिथे असाच थंड, ओलसर, किंचित आंबूस वास यायचा. आजी बरणी दर उन्हाळ्याला त्याच लोणच्याला ठेवायची. कैरीची बरणी लिंबाला द्यायची नाही. धुतली, वाळवली, उन्हात ठेवली, तरी आधीचं काहीतरी उरतंच, म्हणायची. चिनी मातीच्या गुळगुळीत बरणीत जर इतकं उरत असेल, तर सच्छिद्र ओकमध्ये किती उरेल! ओकच्या फळ्या आतून काही लिटर दारू पिऊन बसलेल्या असतात. पिंप रिकामं करूनच नवं भरावं लागतं, पण लाकडाच्या आत शिरलेलं कोण काढणार?

बर्बनची आणि पोर्टची पिंपं शेजारी पाहिली की आकारातला फरक अंगावर येतो. बर्बनचं साधारण २०० लिटरचं. पोर्टचं लांबट 'पाइप' ५५० लिटरच्या घरात.

१७ नोव्हेंबर

आज आकडेमोड.

पिंप मोठं झालं की दर लिटरमागे लाकडाचा स्पर्श कमी होतो. दोन्ही पिंपांचा आकार ढोबळमानाने सारखा धरला, तर ५५० लिटरच्या पिंपात एका लिटरला २०० लिटरच्या पिंपाच्या साधारण ७१ टक्केच लाकूड मिळतं. म्हणजे पोर्टच्या मोठ्या पिंपातली २ वर्षं लाकडाच्या हिशेबाने तितकीशी भारी नाहीत, आणि ४ वर्षं दिसतात तितकी अतिरेकी नाहीत. हा मुद्दा आधी माझ्या डोक्यातच नव्हता. दोनाची चार वर्षं झाली की परिणाम दुप्पट, असं मी गृहीत धरून बसले होते.

दुसरा हिशेब उडून जाणाऱ्या भागाचा. इथले लोक त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. स्कॉटलंडमध्ये वर्षाला २ टक्के धरतात. १०० लिटर भरले तर १० वर्षांनी सुमारे ८२, १२ वर्षांनी ७८, १४ वर्षांनी ७५ उरतात. आमच्याकडे हे गणित केवढं वेगळं! गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉनची डिस्टिलरी आहे. तिथल्या उष्म्यात वर्षाला ८ टक्के जरी धरले तरी १० वर्षांनी ४३ लिटर आणि १४ वर्षांनी ३१. म्हणून भारतीय सिंगल माल्ट पाच-सात वर्षांतच बाटलीत जाते आणि तरीही चवीला पोरसवदा नसते. बंगळूरच्या अमृतने 'पोर्टोनोव्हा' काढली, तीही पोर्टच्या पिंपांतून गेलेली. तिच्या वयाची तुलना टेनच्या वयाशी करण्यात काही अर्थ नाही. घड्याळच वेगळं.

आणखी एक गंमत. इथल्या दमट गोदामात पाण्यापेक्षा अल्कोहोल जास्त उडतं, त्यामुळे वर्षं जातील तशी तीव्रता उतरत जाते. पिंपात भरताना बहुतेक ६३.५ टक्के असते. कोरड्या, गरम हवेत पाणी आधी उडतं आणि तीव्रता चढूही शकते.

३० नोव्हेंबर

पहिली बैठक. सहा जण: मंडळातल्या दोन मैत्रिणी, एकीचा नवरा, ऑफिसातले दोघे आणि मी. फुकट गेली.

कारण रंग. रुबान ग्लासात ओतल्याबरोबर तांबूस झाक दिसते. ते पाहिलं की प्रत्येकाच्या तोंडी "बेरी", "द्राक्षं", "मनुका" येणारच. आलंच. एका मैत्रिणीने तर वास घेण्याआधीच "हं, पोर्ट!" म्हटलं. शिवाय नियमाप्रमाणे कॅरॅमल रंग घालता येतो, म्हणजे गडद रंग पाहून वय किंवा पिंप ठरवणं तसंही चूक.

दुसरी चूक माझी. रुबान ४० वर आणून थंड स्वयंपाकघरात ठेवली, तर ग्लासात बारीक धुकं आलं. ४६ टक्क्यांची ही व्हिस्की थंड करून गाळलेली नसते. पाणी घातल्यावर लांब साखळीची एस्टर आणि मेदाम्लं, म्हणजे तिच्यातले तेलकट घटक, विरघळलेली राहत नाहीत, गढूळपणा येतो. दोष नाही, पण ओळखू येतो. पुढच्या वेळी खोली गरम आणि ग्लास काळे.

७ डिसेंबर

ग्लेनकेर्न ग्लासांना बाहेरून काळी चिकटपट्टी गुंडाळली. नवरा दारूला शिवत नाही, म्हणून ओतण्याचं आणि आकडे लिहिण्याचं काम त्याच्याकडे. कुठल्या ग्लासात काय, याची किल्ली त्याच्या खिशात.

पद्धत त्रिकोणी. प्रत्येकापुढे तीन ग्लास, दोनांत एकच व्हिस्की, एकात वेगळी. वेगळा ग्लास ओळखायचा, बस्स. चांगली कुठली हे विचारायचंच नाही. नुसत्या अंदाजाने तीनात एकदा बरोबर येतंच. सहा जण, प्रत्येकी दोनदा, असे १२ प्रयत्न. त्यात किमान ८ बरोबर आले तर तो योगायोग नाही असं मानायचं, कारण ८ किंवा जास्त नुसत्या नशिबाने यायची शक्यता २ टक्क्यांहूनही कमी. तोंडात घोळवून थुंकायचं, मध्ये साधा भात आणि कोमट पाणी. भाताची युक्ती माझी. बिस्किटाची गोडी जिभेवर राहते, भाताची राहत नाही.

आज दोन जोड्या केल्या.

१० आणि १२ वर्षांची ओरिजिनल: १२ पैकी ६ बरोबर. म्हणजे पुरावा नाही. मला स्वतःला १२ ची जरा गोल, जरा मधाळ वाटली होती, पण माझेही दोनपैकी एकच उत्तर बरोबर. कागदावर सहा आहेत, तेव्हा गप्प बसावं.

जुनी रुबान आणि नवी रुबान: १२ पैकी ९.

दोन्ही जोड्यांत फरक दोनच वर्षांचा. बर्बनच्या पिंपातली दोन वर्षं आम्हाला पकडता आली नाहीत. पोर्टच्या पिंपातली दोन वर्षं पकडता आली. सगळे निघून गेल्यावरही मी त्या दोन आकड्यांकडे बघत बसले होते.

अर्थात चौकोन अगदी काटकोनी नाही. पिंपं दरवेळी वेगळी, बाटलीत भरायची वेळ वेगळी, मिश्रण करणाऱ्यांनी केलेली निवड वेगळी. हे मी विसरत नाही. तरी सहा आणि नऊ.

८ डिसेंबर

काल रात्री ग्लास धुतले नव्हते. सकाळी नवऱ्याने रिकाम्या ग्लासांचे वास घेतले. त्याला कशात काय होतं ते माहीत होतं, पण व्हिस्कीबद्दल त्याच्या डोक्यात काही ठरलेलं नाही, हे चांगलंच. जुन्या रुबानच्या ग्लासाला तो म्हणाला, "गुलकंद." नव्याला म्हणाला, "हा काकांचा सुपारीचा डबा."

मी चार आठवडे तो शब्द शोधत होते. सुपारी. कात, लवंग, जुनं लाकूड आणि तोंड आवळणारा तुरटपणा, सगळं त्या एका डब्यात आलं. अल्कोहोल उडून गेल्यावर मागे राहतं ते जड, न उडणारं, लाकडातून आलेलं. तेच त्याने हुंगलं.

२१ डिसेंबर

आजचा प्रयोग पोर्टचाच. शंका अशी: फिनिशची चव म्हणजे पिंपाच्या फळ्यांत उरलेली पोर्ट व्हिस्कीत मिसळते एवढंच असेल, तर घरी ओरिजिनलमध्ये थेंबभर पोर्ट घालून रुबान व्हायला हवी. विकायला हे बेकायदा, पण स्वयंपाकघरात कोण अडवतं?

रूबी पोर्टची बाटली आणली. पोर्ट येते पोर्तुगालच्या डोरो खोऱ्यातून. या भागाची हद्द सरकारने १७५६ मध्येच आखून दिली. द्राक्षाचा रस आंबत असताना, जवळपास निम्मी साखर शिल्लक असतानाच, त्यात ७७ टक्क्यांचं द्राक्षाचं स्पिरिट ओततात. यीस्ट मरतं, साखर राहते. बाटलीत २० टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल आणि लिटरला सुमारे १०० ग्रॅम साखर. रूबी कमी काळ मुरवतात, हवा फार लागू देत नाहीत, म्हणून लाल आणि फळकट राहते. टॉनी ही दुसऱ्या प्रकारची पोर्ट लहान पिंपांत वर्षानुवर्षं श्वास घेत पिंगट होते, सुक्या मेव्याकडे झुकते. रुबानसाठी रूबीची पिंपं वापरतात. नावातही तेच आहे: 'क्विंटा' म्हणजे पोर्तुगालमधला द्राक्षमळा आणि 'रुबान' म्हणजे माणिक.

१०० मिली ओरिजिनल १० मध्ये २ मिली पोर्ट. रंग लगेच गुलाबीसर. वासात जांभूळ, थोडी करवंदं. चव गोड, आणि गोडी व्हिस्कीच्या वर वेगळी तरंगते, दुधावर साय तरंगावी तशी. १ मिलीने केलं तेव्हा जास्त जमलं. जुन्या रुबानशेजारी ठेवल्यावर लांबची बहीण वाटली. नव्या रुबानशेजारी ठेवल्यावर नातंच दिसेना.

नव्या रुबानमध्ये जे आहे ते असं: संत्र्याच्या सालीचा कडवट तेलकटपणा, कडू चॉकलेट, पुदिन्याचा गारवा, अक्रोडाचं साल, शेवटी जिभेच्या कडांना आवळ्यासारखा तुरटपणा. यातलं एकही पोर्टच्या बाटलीत नाही. मी पोर्ट वेगळी घेऊन दोनदा खात्री केली.

मग वाटलं लाकूडच घालू. भाजलेल्या ओकचे तुकडे मिळतात. ते त्याच मिश्रणात घालून बरणी बंद केली.

४ जानेवारी २०२५

दोन आठवडे झाले. बरणी उघडली. सुताराच्या दुकानातला भुसा. तुरट आहे, पण कच्चा तुरट, हिरवी सुपारी चावल्यासारखा. रंग उत्तम आला आहे, चव पिण्याजोगी नाही. टाकून दिली.

काय चुकलं हे कागदावर मांडून पाहिलं, आणि मला वाटतं या सगळ्या खटाटोपाचं उत्तर इथे आहे.

पिंप व्हिस्कीला तीन गोष्टी एकदम करतं. ते देतं, घेतं आणि श्वास घेऊ देतं. भाजलेल्या लाकडातलं लिग्निन तुटून व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाचा वास, येतं. हेमिसेल्युलोज भाजून कॅरॅमलसारखे वास येतात. अमेरिकन ओकमधल्या लॅक्टोनमुळे नारळासारखी झाक येते आणि युरोपियन ओक टॅनिन, म्हणजे तुरटपणा, सढळ हाताने देतो. हे झालं देणं, आणि भुशालाही ते येतं. घेणं म्हणजे जळक्या थराने कोवळ्या स्पिरिटचा गंधकाचा, उकडलेल्या कोबीसारखा वास शोषून घेणं. आणि श्वास: फळ्यांतून वर्षानुवर्षं आत येणारा किंचित प्राणवायू. त्याच्यामुळे अल्कोहोलचं हळूहळू अल्डिहाइड, आम्ल आणि मग फळांच्या वासाचं एस्टर होतं. कच्चं टॅनिनही त्याच हवेत मऊ पडतं. ही शेवटची गोष्ट बंद बरणीत चौदा दिवसांत होत नाही. कात करायला खैर नुसता भिजवून भागत नाही, तसंच.

आता पोर्टचं पिंप. फळ्यांत मुरलेली पोर्ट पृष्ठभागाजवळची असते, ती लवकर बाहेर येते. सुरुवातीच्या काळात व्हिस्कीला रंग, जांभूळ, गोडसर फळ मिळतं ते तिच्यामुळे. पण ती संपणारी गोष्ट आहे. दोन वर्षांनंतर पिंपाकडे द्यायला पोर्ट फारशी उरत नाही, लाकूड मात्र उरतं. पुढची दोन वर्षं टॅनिन येतं, मसाला येतो आणि आधी आलेलं लाल फळ हवेत सावकाश सुकत जातं, ताज्या द्राक्षाचा मनुका व्हावा तसं.

म्हणजे पोर्टच्या पिंपात जास्त काळ ठेवलेली व्हिस्की जास्त पोर्टसारखी होत नाही. एका मर्यादेनंतर ती कमी पोर्टसारखी होते. सुरुवातीला मी नेमकं उलट गृहीत धरलं होतं.

१८ जानेवारी

शेवटची बैठक. संक्रांत चार दिवसांपूर्वी झाली, म्हणून मैत्रिणीने तिळगूळ आणला होता. तो चाचणी संपेपर्यंत कपाटात ठेवायला लावला. तीळ आणि गूळ जिभेवर असताना कुणालाही ओक कळणार नाही.

आधी समान वयाची जोडी. १२ वर्षांची ओरिजिनल आणि १२ वर्षांची रुबान, दोन्ही ४० टक्क्यांवर: १२ पैकी १२. वय तेच, लाकूड वेगळं, आणि एकही जण चुकला नाही. मग तितकंच पाणी घालून २० टक्क्यांवर आणून परत केलं, कारण अल्कोहोलचा झोंबरेपणा गेला की वास जास्त उलगडतात. व्हिस्कीचं मिश्रण ठरवणारे ब्लेंडरही कमी तीव्रतेवरच वास घेतात. पुन्हा १२ पैकी ११.

नंतर मी पहिल्यांदाच आवड विचारली. दोन्ही रुबानांत चौघांना जुनी आवडली, दोघांना नवी. जुनी आवडलेल्यांनी कारण एकच दिलं: फळ. नवी आवडलेल्यांपैकी एक मी.

मी नवीच्या बाजूची का? जुनी पहिल्या घोटाला जिंकते. लाल, मोकळी, लगेच मैत्री करणारी. पण ती मध्येच संपते, गोडी जाते आणि खाली बर्बनची व्हॅनिला परत दिसायला लागते, दोन सुरांत छोटी फट पडल्यासारखी. नव्यात ती फट नाही. संत्रं कुठे संपलं आणि कोको कुठे सुरू झाला ते सांगता येत नाही. बर्बनच्या पिंपातली दहा वर्षं आणि पोर्टच्या पिंपातली चार एकमेकांत मुरली आहेत. पाणी थेंब-थेंब घातलं तर नवी तुटत नाही, पुदिना आणि चंदन वर येतं. जुनी पाण्यात पातळ होते. ४६ टक्के तीव्रता दोघींनाही हवी. ४० वर आणून मी दोघींवरही अन्यायच केला, पण मोजमापासाठी तो करावा लागला.

मात्र आणखी दोन वर्षं ठेवली तर आणखी चांगली होईल असं मी म्हणणार नाही. तुरटपणा आत्ताच कडेला येऊन टेकला आहे. हे हलकं स्पिरिट त्याहून जास्त लाकूड उचलू शकेल असं मला वाटत नाही.

८ फेब्रुवारी

बाबांना फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पोर्ट म्हणजे ती गोव्याची गोड वाइन ना?" आमच्याकडे म्हणजे वेंगुर्ल्याला पोर्ट वाइन म्हटलं की मडगाव-पणजीहून कुणीतरी आणलेली गोडमिट्ट लाल बाटलीच डोळ्यांसमोर येते. बाळंतिणीला, आजारातून उठलेल्याला चमचाभर द्यायची म्हणून ती घरात असायची. डोरोच्या पोर्टशी तिचं नातं नावाचं आणि साडेचारशे वर्षांच्या पोर्तुगीज राज्याचं. चवीचं फारसं नाही. बाबांना हे पटलं नाही. "गोड लाल आहे ना, मग झालं," म्हणाले. उन्हाळ्यात जाताना रूबी पोर्टची छोटी बाटली नेणार आहे, दोन्ही शेजारी ठेवून त्यांनाच सांगायला लावीन.

जुनी रुबान साधारण १८० मिली उरली आहे. मित्राच्या बाटलीचं झालं तसं तिचं होऊ द्यायचं नाही. १०० मिलीच्या एका आणि ४० मिलीच्या दोन काचेच्या बाटल्या उकळत्या पाण्याने धुऊन पूर्ण सुकवल्या. प्रत्येक बाटली गळ्यापर्यंत भरली, हवेला जागा ठेवली नाही. झाकणावर मेण. लेबलवर लिहिलं: रुबान, १०+२, ४६ टक्के, भरली ८ फेब्रुवारी २०२५. तिन्ही उभ्या, अंधाऱ्या कपाटात, चहाच्या डब्यांपासून लांब.